आर्म हँडहेल्ड, स्टीम डेक आणि आतेभावाची लायब्ररी: एका महिन्याचं प्रकरण

रात्री साडेअकराला आतेभावाचा मेसेज. "दादा, डेक विकतोय. आर्मवाला हँडहेल्ड आलाय हातात, बॅटरी डबल चालते, पंख्याचा आवाज नाही, गरम होत नाही. एक्स८६ संपलं."

आर्म आणि एक्स८६ म्हणजे चिपच्या दोन भाषा (इन्स्ट्रक्शन सेट), फोनांत आर्म, पीसीत आणि डेकमध्ये एक्स८६, आणि एकीचा कोड दुसरीवर थेट चालत नाही. हा पोरगा दर दोन वर्षांनी काहीतरी संपवतो त्यामुळे मी घाबरलो नाही, पण स्टीम डेक (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हचा, हातात धरून पीसीचे गेम खेळायचा) विकायला काढलाय म्हटल्यावर सकाळी उठल्या उठल्या फोन लावला. म्हटलं महिनाभर थांब, दोन्ही मशीन जवळ ठेव, तुझ्या लायब्ररीतले जे गेम तू खरंच खेळतोस (सेलमध्ये घेऊन ठेवलेत ते नाही, खेळतोस ते) त्यातले सहा काढू, दोन्हीवर चालवू, मग काय विकायचं ते विक. माझं रोजचं काम कंपायलरच्या (लिहिलेला कोड चिपच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) आसपासचं आहे त्यामुळे मला स्वतःलाही यात खाज होती, ते लपवत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट, आणि खाली आहे तो त्या महिन्याचा हिशोब. फ्रेमरेटचे तक्ते टाकत नाहीये, कारण दोन मशीनच्या स्क्रीन वेगळ्या, रिझोल्यूशन वेगळं, सेटिंग वेगळ्या, आणि असे तक्ते लोक नुसते स्क्रीनशॉट काढून भांडायला वापरतात.

डेक सगळ्यांना माहितीये तरी एकदा सांगतो. फेब्रुवारी २०२२ चा. एएमडीची चिप, झेन २ चे ४ कोअर आणि ८ थ्रेड, ग्राफिक्सला आरडीएनए २ ची ८ कंप्युट युनिट, सगळी चिप ४ ते १५ वॅटमध्ये बसवलेली, १६ जीबी रॅम, ४० वॅट-अवरची बॅटरी. व्हॉल्व्ह स्वतः २ ते ८ तास सांगते आणि ते खरंय, जड गेम लावला की दोन, हलका लावला की आठच्या जवळ. दुसरं मशीन अँड्रॉइडवालं, आत स्नॅपड्रॅगन ८ जेन २, म्हणजे २०२२ च्या शेवटी आलेली, महागड्या फोनांत असते तीच चिप, फक्त मागे पंखा लावलाय आणि बाजूला स्टिक नि बटणं. त्या चिपमध्ये एक मोठा कॉर्टेक्स-एक्स३ कोअर, चार मधले, तीन छोटे, आणि ॲड्रेनो ७४० ग्राफिक्स. डबा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, पुढे ज्या कुरबुरी येतील त्यांचं खापर डब्यावर फोडण्यात अर्थ नाहीये.

आधी त्या "डबल" चा निकाल

मी पहिला प्रश्न विचारला, कशावर डबल? तर डेकवर हा विचर ३ हा जड गेम खेळत होता आणि नव्या मशीनवर गेमबॉय ॲडव्हान्सचे जुने गेम. अरे बाबा! गेमबॉय ॲडव्हान्स २००१ चा, त्यात १६.७८ मेगाहर्ट्झचा आर्म७ होता, ते गेम आजची फोनची चिप झोपेत चालवते. ट्रक भरून घाट चढवला आणि मग सायकलशी ॲव्हरेज लावलं असा प्रकार.

पण यातून एक गोष्ट बरी झाली, त्याला मी सांगू शकलो की हँडहेल्डमध्ये आर्म हा काही नवा पाहुणा नाही. गेमबॉय ॲडव्हान्स आर्म, २००४ चा निंटेंडो डीएस दोन आर्मवाला, २०११ चे थ्रीडीएस आणि प्लेस्टेशन व्हिटा आर्म, २०१७ चा निंटेंडोचा स्विच आर्म, २०२५ चा स्विच २ आर्म. खरं तर हातात धरून गेम खेळायच्या जगात एक्स८६ हाच उशिरा आलेला गडी आहे. नवीन काय आहे तर आर्मवर पीसीचे गेम चालवायची हौस. आणि आमचं प्रकरण सगळं त्यावरच अडलं.

बॅटरीचा हिशोब करायला मी त्याला स्विचच घेऊन बसवलं कारण तिथले आकडे कंपनीनेच दिलेले आहेत. पहिल्या स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, म्हणजे साधारण १६ वॅट-अवर. निंटेंडो म्हणायची अडीच ते साडेसहा तास. १६ ला अडीचने भागा, सगळ्यात जड गेमलाही अख्खं मशीन, स्क्रीनसकट, साडेसहा वॅटच्या आत. डेकचे ४० वॅट-अवर दोन तासांत संपतात म्हणजे २० वॅट. "बघ दादा, तीनपट! हेच तर म्हणत होतो." थांब म्हटलं. २०१९ मध्ये निंटेंडोने स्विच परत काढला, बॅटरी तीच ४३१०, बाहेरून ओळखू पण येत नाही, आणि आता साडेचार ते नऊ तास. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड आधी ३ तास चालायचा तो साडेपाच तास चालायला लागला. काय बदललं? कोअर तेच कॉर्टेक्स-ए५७, गेम तेच, इन्स्ट्रक्शन सेट तोच. चिप २० नॅनोमीटरवरून १६ नॅनोमीटर प्रोसेसवर गेली (म्हणजे जास्त बारीक कारागिरीने बनली) आणि मेमरी कमी वीज खाणारी आली. म्हणजे आर्म दोन्हीकडे सारखाच होता, बॅटरी मात्र जवळजवळ दुप्पट झाली. मग ती दुप्पट आर्ममुळे कशी म्हणायची?

उलट बाजूने पण बघा. २०२४ मध्ये इंटेलने लूनर लेक काढली, ती पक्की एक्स८६, पण टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ३ नॅनोमीटरवर बनवून रॅम चिपच्या पॅकेजवरच बसवली, आणि हँडहेल्डमध्ये कमी वॅटला ती चांगलीच पळते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्येच एक पेपर लिहिला होता, आर्मचे कॉर्टेक्स-ए८, ए९ आणि इंटेलचे ॲटम, सँडी ब्रिज शेजारी ठेवून मोजलं, आणि निष्कर्ष असा की आरआयएससी (आर्मची पद्धत) की सीआयएससी (एक्स८६ ची) याने विजेच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही, चिप कशी डिझाइन केलीये त्याने पडतो. एक्स८६ ची इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइट कितीही लांब असू शकते, आर्मची ६४ बिटमधली प्रत्येक ठरलेली ४ बाइट, त्यामुळे एक्स८६ ला डिकोड करताना जास्त डोकं लावावं लागतं हे खरं, पण गेम चालताना बहुतेक वीज ग्राफिक्स, मेमरी आणि स्क्रीन खातात, डिकोडरचा वाटा त्यात किरकोळ.

मग आर्मवाल्या मशीनचं काहीच कौतुक नाही का? आहे ना. ती चिप फोनच्या घराण्यातली आहे. झोपवलं की खरंच झोपते, व्हिडिओ डिकोडर नावापुरती वीज खातो, हलकं काम असेल तर छोट्या कोअरवर ढकलून मोठा कोअर बंद ठेवते. आणि दुसरं, जे लोक बोलत नाहीत, आर्मचे कोअर लायसन्सवर मिळतात. म्हणजे एन्व्हिडियाने ते घेतले, स्वतःचं ग्राफिक्स जोडलं, निंटेंडोला हवी तशी चिप करून दिली. एक्स८६ मध्ये हँडहेल्डवाल्याला एएमडीकडे जा नाहीतर इंटेलकडे जा, ते देतील ते घ्या. माझ्या मते आर्मची हँडहेल्डमधली सगळ्यात मोठी ताकद ही आहे, बॅटरी नाही.

सहा गेम, एका फोनच्या चिपवर

आता लायब्ररी. त्याचे सगळे गेम विंडोजसाठी बनवलेले. डेकवर लिनक्स आहे तरी ते चालतात कारण प्रोटॉन विंडोजच्या हाका लिनक्सला समजावून सांगतो आणि डीएक्सव्हीके नावाचा भाग विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेचं, डायरेक्टएक्सचं, लिनक्सवर चालणारं व्हल्कन करून देतो. पण प्रोसेसरच्या कामात दुभाषी लागत नाही, गेमचा एक्स८६ कोड थेट एक्स८६ चिपवर पळतो. आर्मवर हे सगळं करून शिवाय प्रत्येक एक्स८६ इन्स्ट्रक्शनचं आर्ममध्ये भाषांतर करायला लागतं, चालता चालता. ते काम बॉक्स६४ किंवा फेक्स करतात, आणि अँड्रॉइडवर विनलेटरसारखी ॲप हे सगळं एका डब्यात भरून देतात. आम्ही असंच एक ॲप वापरलं.

एक महत्त्वाचं इथेच सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ग्राफिक्सला हा भाषांतराचा भुर्दंड जवळजवळ पडत नाही. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कुठल्याही मशीनवर तिथल्या जीपीयूसाठी (ग्राफिक्सच्या चिपसाठी) नव्यानेच कंपाइल होतात, डेकवर पण. भुर्दंड आहे तो प्रोसेसरच्या कामाला. म्हणून कुठला गेम आर्मवर चालेल हे विचारताना "ग्राफिक्स किती भारी" हा प्रश्न लोक पहिला विचारतात तो चुकीचा, "प्रोसेसरला किती घाम फुटतो" हा विचारायला पाहिजे.

पहिला होता एक पिक्सेल आर्टचा उड्या मारायचा गेम. चालला. सांगण्यासारखं काही नाही. ६० वर लॉक केला, पंखा फिरला पण नाही, बॅटरी खरंच डेकपेक्षा आरामात जास्त गेली. आतेभाऊ माझ्याकडे बघून हसला, मी पुढच्याकडे वळलो.

विचर ३ वर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. सुरुवातीच्या गावात, शेतात, घोड्यावर, मस्त, मी पण चकित झालो की फोनची चिप भाषांतर करत करत हे ओढतेय. मग गेममधल्या नॉव्हिग्राड शहराच्या बाजारात शिरलो. तिथे शेकडो माणसं, प्रत्येकाचा काहीतरी दिनक्रम, सगळं प्रोसेसरचं काम, आणि तिथे गेमचा जीव जायला लागला. ग्राफिक्स कमी करून बघितलं, फरक शून्य. रिझोल्यूशन अर्धं केलं, तरी तेच. हेच ते लक्षण, जीपीयू रिकामा बसलाय आणि सीपीयू भाषांतरात बुडालाय.

शिवाय अडखळणं. नवीन जागा आली, नवीन राक्षस आला की क्षणभर थांबायचं, कारण शेडर तिथल्या तिथे कंपाइल होत होते. डेकवर हे जाणवत नाही, का, तर डेकच्या आतलं ग्राफिक्स सगळ्यांकडे सारखंच, त्यामुळे एकदा कंपाइल झालेले शेडर स्टीम सगळ्यांना डाउनलोड करून देते. अँड्रॉइडच्या दुनियेत प्रत्येकाचा जीपीयू वेगळा, ड्रायव्हर वेगळा, तिथे कोण कोणाला तयार माल देणार.

मग त्याने सेटिंगमध्ये खुडबुड केली आणि दुसऱ्या दिवशी फोन, "दादा, एक बटण सापडलं, बाजारात पण पळतंय आता!" मला लगेच कळलं त्याने काय बंद केलं असणार. एक्स८६ मध्ये मेमरीत लिहिण्याचा एक शिस्तीचा नियम आहे, एका कोअरने आधी अ लिहिलं मग ब लिहिलं तर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसणार, याला टीएसओ म्हणतात. आर्म तशी हमी देत नाही, तो आपल्या सोयीने क्रम बदलू शकतो. पीसी गेम लिहिणाऱ्यांनी आयुष्यभर एक्स८६ वर काम केलं त्यामुळे त्यांचा कोड नकळत त्या शिस्तीवर विसंबून असतो. म्हणून भाषांतर करणाऱ्याला आर्मवर ती शिस्त मुद्दाम पाळायला लागते, मेमरीला हात लावला की खास सावध इन्स्ट्रक्शन वापरायच्या, आणि तिथे वेग मरतो. ॲपलने २०२० मध्ये एम१ काढली तेव्हा चिपमध्येच एक्स८६ सारखी शिस्त चालू करायची सोय ठेवली, रोझेटा २ (ॲपलचा असाच दुभाषी) इतकं सुसाट वाटायचं त्यामागे हे एक मोठं कारण. बहुतेक आर्म चिपांत अशी सोय नाही. भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र "शिस्त सोडून दे" असं बटण असतं, ते याने दाबलं. मी म्हटलं वेग मिळेल पण गेम कधीतरी वेड्यासारखा मरेल, आणि कधी ते सांगता येणार नाही. तो म्हणाला बघू. चाळीसेक मिनिटं छान चालला, मग ऐन लढाईत स्क्रीन गोठली आणि त्याच्या आधीचा सेव्ह तासाभरापूर्वीचा. त्या रात्री मला मेसेज आला नाही.

इथे मी त्याला परत स्विचची आठवण दिली. हाच विचर ३ ऑक्टोबर २०१९ मध्ये स्विचवर आला, सेबर इंटरॲक्टिव्हने पोर्ट केला (त्या मशीनसाठी बनवून दिला). हातात धरून खेळताना ५४० पी, चित्र थोडं धुरकट, पण खेळता येतो, नॉव्हिग्राडसकट. आणि तो कशावर? साधारण १ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कॉर्टेक्स-ए५७ वर. याच्या हातातली चिप त्याच्यापुढे पहिलवान. मग पहिलवान धापा का टाकतो? तर तिथे गेम आर्मसाठी नव्याने कंपाइल केला होता, माणसं बसवून एकेक जागा छाटली होती, आणि इथे आपण विंडोजचा डबा उचलून भाषांतराच्या खांद्यावर ठेवलाय. मला या सगळ्या महिन्यात शिकवणारं काही असेल तर ही एक जोडी, तोच गेम, दुबळी चिप पण आपल्या भाषेत, आणि तगडी चिप पण दुभाष्यामार्फत.

तिसरा गेम जुना, २००० च्या आसपासचा, ३२ बिट, आतेभावाच्या लहानपणचा. "हा तर चालणारच, जुना आहे." मला उलट याचीच भीती होती. जुन्या गेममध्ये दशांशाचं गणित एक्स८७ नावाच्या जुन्या युनिटवर केलेलं असतं, ते ८० बिटमध्ये हिशोब करतं. आर्ममध्ये ८० बिटचं असलं काही नाहीच. मग प्रत्येक बेरीज-गुणाकार सॉफ्टवेअरने ओढत करायचा. त्यामुळे २०१५ चा गेम पळतो आणि २००० चा रांगतो असं उलटं चित्र दिसतं, आणि ज्याला आतलं माहीत नाही त्याला वाटतं ॲपच खराब आहे. इथे पण एक बटण आहे, ८० बिटऐवजी ६४ बिटमध्ये भागव. दाबलं, वेग आला, आणि त्या गेममधली एक मालगाडी पुलावर आली की हळूहळू जमिनीत जायला लागली. दर वेळी तोच पूल. अचूकता थोडी कमी झाली की टक्कर मोजायचं गणित कुठेतरी केसभर चुकतं आणि मग गाडी पाताळात.

आणखी एक गंमत या ३२ बिटची. आधी बॉक्स८६ होता ३२ बिट गेमसाठी, पण त्याला चिपमध्ये ३२ बिट आर्मचा आधार लागायचा. या स्नॅपड्रॅगनमधल्या सगळ्यात मोठ्या कोअरने तो आधार काढून टाकलाय, काही मधल्या आणि छोट्या कोअरमध्ये आहे फक्त. म्हणजे जुन्या पद्धतीने चालवलं तर सगळ्यात दणकट कोअर नुसता बघत बसणार. आता वाइनमध्ये (प्रोटॉनच्या मुळाशी असलेलं, विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) ३२ बिटचा गेम ६४ बिटच्या आतून चालवायची पद्धत आलीये त्यामुळे ते दुखणं कमी झालं, पण इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या सूचना वाचून लोक अजून त्यात अडकतात. आम्ही पण एक संध्याकाळ घालवली.

स्ट्रॅटेजी गेममध्ये वेगळाच खेळ. विंडोजच्या गेमला आठ कोअर दिसले की त्याला वाटतं आठही सारखे, तो काम आठ सारख्या तुकड्यांत वाटतो. पण इथे एक मोठा, चार मधले, तीन छोटे. छोट्यावर गेलेला तुकडा संपेपर्यंत बाकी सात जण थांबतात, लग्नाच्या फोटोला एक काका येईपर्यंत सगळे उभे तसे. आम्ही ॲपला सांगितलं छोटे कोअर देऊच नकोस, फक्त वरचे पाच. लगेच सुधारलं. डेकवर हा प्रश्नच नाही, तिथे चारही कोअर सारखे. ही गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवली.

ऑनलाइन गोळीबाराचा गेम उघडलाच नाही, कारण अँटी-चीट, म्हणजे खेळाडूची लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरणारं अँटी-चीट भाषांतरातून चालत नाही, त्याला खरा विंडोज आणि त्याच चिपचा ड्रायव्हर लागतो. तसा तो डेकवर पण चालत नव्हता, त्यामुळे हा सामना बरोबरीत. विंडोजवाल्या आर्म लॅपटॉपसाठी २०२५ मध्ये ईझी अँटी-चीटने आर्मचा आधार दिलाय, पण त्याचा आमच्या अँड्रॉइडच्या डब्याला काही उपयोग नाही.

आणि सहावा स्टारड्यू व्हॅली, जो मी मुद्दाम घ्यायला लावला. कारण याची पीसीची आवृत्ती त्याच्याकडे होती आणि अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती २०१९ पासून आहेच. एकाच मशीनवर एकच गेम, एकदा भाषांतरातून, एकदा आपल्या भाषेत. पीसीवाला चालला, पण सुरू व्हायला वेळ खायचा आणि इतक्या साध्या शेतीच्या गेमला मशीन कोमट व्हायचं. तो गेम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मवर लिहिलाय, म्हणजे तो स्वतःच चालता चालता एक्स८६ कोड तयार करतो आणि मग आपला दुभाषी त्या ताज्या कोडचं परत आर्म करतो, भाषांतराचं भाषांतर. अँड्रॉइडवाला टॅप केला की उघडला, मशीन गार, बॅटरीचा आकडा हलेना. मी म्हटलं हे बघ, हा आहे खरा आर्म हँडहेल्ड, याला म्हणतात ताकद.

आतेभाऊ म्हणाला, "हो दादा, पण हा मी परत विकत घेतला. आणि माझी तीन वर्षांची शेती पीसीच्या सेव्हमध्ये आहे, मॉड (लोकांनी केलेल्या जोडण्या) पण तिकडेच."

मला त्यावर उत्तर नव्हतं. महिनाभर मी चिप, कोअर, मेमरीची शिस्त यावर भाषण दिलं आणि मुद्दा त्याने एका वाक्यात मांडला. आर्मवर गेम चालत नाहीत असं नाहीच, चांगले चालतात. त्याने ज्या दुकानातून दहा वर्षं गेम घेतले त्या दुकानातले गेम आर्मच्या भाषेत नाहीत, एवढाच लोचा आहे. सायबरपंक २०७७ स्विच २ वर आहे, ॲपलच्या मॅकवर आहे, म्हणजे त्याचा आर्म कोड जगात अस्तित्वात आहे, पण तो आतेभावाच्या स्टीमच्या खात्यातून या डब्यावर येत नाही. युनिटी आणि अनरिअल (बहुतेक गेम ज्यांवर बनतात ती इंजिनं) दोन्ही आर्मसाठी बिल्ड काढतात, नव्या गेमला ते फार अवघड नाही, टेस्टिंगचा खर्च मात्र येतो. जुन्या गेमचं काय, स्टुडिओ बंद झालेला, कोड कुठल्या हार्डडिस्कवर कोणाला माहीत, आत एक्स८६ साठी हाताने लिहिलेले तुकडे. ते कोणी परत उघडणार नाही. त्यांना दुभाषीच लागणार, कायमचा.

न मागता मिळालेली एक गोष्ट

तिसऱ्या आठवड्यात त्याने कंटाळून त्या मशीनवर मूनलाइट टाकलं, म्हणजे घरातल्या पीसीवर गेम चालवायचा आणि हँडहेल्डवर फक्त चित्र बघायचं. आणि हे इतकं छान चाललं की बाकी सगळं त्याने सोडूनच दिलं. कारण सरळ आहे, फोनची चिप आयुष्यभर व्हिडिओ दाखवायलाच बनलीये, डिकोडर हार्डवेअरमध्ये, भाषांतराचा प्रश्नच नाही, बॅटरी तासन् तास. प्रवासात उपयोग नाही हे आहेच, पण अंथरुणात पडून खेळायला डेकपेक्षा हलका आणि गार. आम्ही ज्या परीक्षेसाठी हे मशीन बसवलं होतं त्यात ते काठावर पास, आणि जी परीक्षा घेतलीच नव्हती त्यात पहिलं.

महिना संपता संपता, नोव्हेंबरमध्ये, व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम जाहीर केला. डोक्यावर घालायचा हेडसेट आहे, हँडहेल्ड नाही, पण आत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३, १६ जीबी रॅम, वर आर्मसाठीचा स्टीमओएस (व्हॉल्व्हचा लिनक्स, डेकवर असतो तोच), आणि विंडोजचे एक्स८६ गेम चालवायला फेक्स. आतेभावाचा मेसेज आलाच, "दादा बघ, डेकवालेच आर्मकडे गेले. आता बोल."

बोललो. यात नवीन काय आहे तर चिप नाही, ती याच्या मशीनमधल्या चिपची पुढची पिढी. नवीन हे की दुकान, दुभाषी आणि मशीन पहिल्यांदा एकाच घरात आले. आमच्यासारख्यांनी बटणं दाबून सेव्ह घालवायचे त्याऐवजी कुठल्या गेमला शिस्त पाहिजे, कुठल्याला नको हे दुकान एकदा ठरवून सगळ्यांना देऊ शकतं, जसं डेकसाठी प्रोटॉनचं केलं. आणखी एक, वाइनमध्ये आता आर्म६४ईसी नावाची सोय आहे, तिच्यामुळे वाइनचे स्वतःचे भाग आणि डीएक्सव्हीके आर्मच्या भाषेत चालू शकतात, भाषांतर फक्त गेमच्या कोडचं करायचं, त्याने नॉव्हिग्राडसारख्या जागी थोडा श्वास मिळेल. पण ८० बिटचं गणित आर्मला अजून येत नाही, आणि मेमरीच्या शिस्तीची किंमत पण गेली नाहीये, ती फक्त कोणीतरी आपल्या वतीने भरेल. आणि हे पण बघ म्हटलं, व्हॉल्व्हने त्या हेडसेटबरोबर पीसीवरून स्ट्रीम करायला वेगळा वायरलेस ॲडॉप्टर डब्यातच दिलाय. म्हणजे त्यांना पण माहितीये की जड गेम कुठे चालवायचे.

मग शेवटी काय ठरलं. डेकची जाहिरात त्याने काढून टाकली. विचर, स्ट्रॅटेजी आणि तो जुना गेम डेकवर. आर्मवालं मशीन पिक्सेलचे गेम, जुन्या कन्सोलचे गेम चालवणारे एमुलेटर (ते आर्मसाठीच कंपाइल केलेले असतात, त्यामुळे तिथे खरंच राजा आहे ते) आणि स्ट्रीमिंगला. पुढच्या वेळी काय घ्यायचं यावर मी त्याला एकच अट घातलीये, बॅटरीचा व्हिडिओ बघून उडी मारायची नाही, आपले पहिले दहा गेम काढायचे आणि प्रत्येकाचा आर्म बिल्ड आपल्याच खात्यातून मिळतो का ते बघायचं. माझा अंदाज, दहातले पाच-सहा मिळायला लागले की डेक विकायला मीच मदत करेन. आज मोजले तर दोन पण नाही निघत.

परवा परत मेसेज आला. त्या जुन्या गेमची मालगाडी नवीन व्हर्जनमध्ये पण त्याच पुलावर जमिनीत जाते म्हणे. गेम डेकवर नीट चालतो, तरी हा रोज रात्री आर्मवर लावून फक्त पुलापर्यंत जातो आणि गाडी बुडताना बघून झोपतो.